ओष्ठ्य

हर्णैच्या मथुरा पावसेंना
स्वतःचं नाव सांगता येईना.
केसपेपरवर मुलाने लिहिलेलं मीच मोठ्याने वाचलं,
त्यांनी मान हलवली
आणि पदराने ओठाचा डावा कोपरा टिपला.

वारं गेलंय तोंडावरून, मुलगा म्हणाला.
वारं नाही, नस सुजलीय, मी म्हटलं.
कानामागून निघते, गालभर पसरते
उघडलेल्या पंजासारखी.
त्या ऐकत होत्या. एक डोळा मिटत नव्हता,
त्यामुळे फारच लक्ष देऊन ऐकतायत असं वाटलं.
मग म्हणाल्या,
"हसायचं सांगू नका, ताई.
हसले की चहा गळतो."

रात्री दापोलीत भांडी घासताना माझ्या लक्षात आलं,
एवढ्या बोलण्यात ओठांचं एकही अक्षर नव्हतं.
प फ ब भ म. शाळेत घोकलेले ओष्ठ्य.
बाईंनी ते सगळे चुकवून वाट काढली होती,
ओहोटीला खडकांतून होडी काढतात तशी.

एकवीस वर्षं त्या बंदरावर लिलाव पुकारतात.
तारली चालते, कर्ली चालते,
तिसऱ्या, खेकडे, काही अडत नाही.
पापलेट अडतं. बांगड्याचा हांगडा होतो.
बोंबील तर दोनदा अडतो.
आणि भाव चारशेवरून थेट सहाशेवर.
पाचशेच्या जागी नुसती हवा,
डाव्या फटीतून, पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी.
व्यापारी दोन दिवस हसले,
मग मुकाट सहाशे मोजू लागले.

मी दिलं ते साधंच होतं.
आरसा. खोबरेल. कोटाचं मोठं बटण, दोरा ओवलेलं:
ओठांच्या आत धरायचं, दोरा ओढायचा, सुटू द्यायचं नाही.
जीभ वर, "न" म्हणताना टेकते तिथे.
तोंड मिटून श्वास नाकाने,
कारण रात्री जबडा उघडा राहून घसा सुकायचा
आणि त्या पहाटे घाबऱ्या होऊन उठायच्या.
जोर नको, मी सांगत होते.
उजव्या गालावर बोट ठेवा, त्याला थांबवा.
चांगली बाजूच सगळं आपल्याकडे ओढून नेते.
यावर त्या बराच वेळ आरशात बघत राहिल्या.
थोरल्या दिराबद्दल काहीतरी पुटपुटल्या,
मला नीट कळलं नाही.

नळीने पाण्यात फुंकायचं होतं.
पहिल्या आठवड्यात पाणी हललंसुद्धा नाही.
दुसऱ्या आठवड्यात त्या आल्याच नाहीत,
बंदी उठली होती, होड्या सुटल्या होत्या.
मी रजिस्टरात "गैरहजर" लिहिलं आणि खोडलं.
तिसऱ्या आठवड्यात ग्लासात
एक बुडबुडा.
आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो,
पुढचा पेशंट दार वाजवेपर्यंत.

कार्तिकात मी हर्णैला गेले.
तपासायला नव्हे, मासळी घ्यायला.
बैलगाड्या पाण्यात, चाकं निम्मी बुडालेली,
ओल्या वाळूवर पाट्यांची रांग, ऊन उतरलेलं.
चेहरा अजून जरासा वाकडा होता, दुरूनही कळत होता.
एक पाटी बांगडा.
तीनशे, त्या ओरडल्या. चारशे.
थांबल्या.
ओठ मिटले, दोन्हीकडून,
आत हवा जमली,
आणि पाचशे असं फुटलं
की पाटीजवळचं कुत्रं उठून उभं राहिलं.

दिला, व्यापारी घाईने म्हणाला.
सहाशेची वाट कुणी बघितलीच नाही.

बाईंनी गर्दीतून मला शोधलं.
"बघा, तुमच्यापायी माझे शंभर बुडाले!"
आणि चहा मागवला, दोन कप.
थोडा गळलाच.